फॉरमॅट मारण्याआधी बायोसमध्ये डोकवा : साटा मोड कसा बदलावा

गेल्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले. हातात ओली छत्री, चेहरा उतरलेला. "अहो, आपला कॉम्प्युटर गेला. सोसायटीचे सगळे हिशेब त्यात आहेत. दुकानातला मुलगा येऊन बघून गेला. म्हणतो, विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल."

म्हटलं, "काका, चहा टाका. तोवर मी बघतो."

मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर एक ओळ आली, 'सीमॉस चेकसम एरर', पुढे जायला एफ-वन दाबा. दाबलं. विंडोजचं चिन्ह क्षणभर दिसलं आणि धाडकन निळा पडदा. वर तोंड पाडलेली स्मायली, खाली 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. पुन्हा चालू केलं, या वेळी एफ-वनऐवजी डिलीट दाबून बायोसमध्ये गेलो, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, मदरबोर्डावरच्या सेटिंगांत. घड्याळात तारीख होती १ जानेवारी २०१२. तिथेच निम्मं कोडं सुटलं. बोर्डावरची बटणाएवढी बॅटरी संपली होती, त्यामुळे बायोस आपल्या मूळ सेटिंगांवर गेला होता. त्या बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, होता 'आयडीई', आणि काकांचं विंडोज टाकलेलं होतं 'एएचसीआय'मध्ये. मोड परत एएचसीआय केला, एफ-टेन दाबून सेव्ह केलं, आणि चहा यायच्या आत हिशेबाची फाइल उघडली.

डिस्क ठणठणीत, विंडोजही ठणठणीत. फक्त दोघांची भाषा बदलली होती. हा लेख त्या भाषेच्या बटणाविषयी आहे, आणि ज्यांनी बायोस आजवर फक्त लांबून पाहिलाय त्यांच्यासाठी आहे. एक गोष्ट आधीच मनात पक्की बसवा : हे बटण फिरवल्याने डिस्कवरचं काही पुसलं जात नाही. पडदा निळा, नाहीतर नव्या विंडोज ११ मध्ये काळा, झाला तर बटण जिथे होतं तिथे परत फिरवायचं. याला अपवाद दोन, एकत्र बांधलेल्या डिस्कांचा, म्हणजे खऱ्या रेडचा, आणि ऑप्टेन मेमरीचा. ते पुढे येतील.

मोड म्हणजे नेमकं काय

जुन्या कॉम्प्युटरमध्ये डिस्कला चपटी, रुंद, ४० पिनांची केबल असायची. एका केबलवर दोन डिस्क, एक मास्टर, एक स्लेव्ह, आणि चिमट्याने हलवायचे इवलेसे जंपर. ती आयडीईची दुनिया. २००३ मध्ये बारीक केबलची साटा आली, पण तेव्हाच्या विंडोजला ती कळत नव्हती. म्हणून बोर्डवाल्यांनी एक सोय ठेवली : साटा डिस्कने जुन्या आयडीई डिस्कचं सोंग घ्यायचं. बायोसमधला आयडीई मोड म्हणजे ते सोंग.

२००४ मध्ये इंटेलच्या पुढाकाराने एएचसीआय आलं, म्हणजे साटा डिस्कशी तिच्याच भाषेत बोलण्याची पद्धत. यातली मोठी गोष्ट अशी की डिस्कला एकाच वेळी ३२ कामांची यादी देता येते आणि क्रम डिस्क स्वतः ठरवते. लक्ष्मी रोडवर खरेदीला निघालात आणि यादीत आधी बेलबाग चौकातलं दुकान, मग अलका टॉकीजजवळचं, मग पुन्हा बेलबागचं असं लिहिलंय, तर तुम्ही यादीच्या क्रमाने धावाल का? एका टोकाला सुरुवात करून दुसऱ्या टोकाला निघाल. फिरणारी डिस्क एएचसीआयमध्ये तेच करते. आयडीई मोडमध्ये तिला एकेक चिठ्ठी मिळते आणि ती बिचारी हेलपाटे घालते. एसएसडीला, म्हणजे चिपांच्या डिस्कला, फिरायचं नसतं, पण तीही एका वेळी अनेक कामं उरकू शकते, त्यामुळे आयडीईत तिचाही हात बांधलेला राहतो.

तिसरा पर्याय 'रेड'. मुळात हा दोन किंवा जास्त डिस्कांची मोट बांधण्यासाठी. पण गोंधळ असा की एकच डिस्क असलेल्या कित्येक लॅपटॉपमध्येही कंपनीकडूनच 'रेड ऑन' किंवा 'इंटेल आरएसटी' लावून येतं. ११व्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासून याच कामासाठी 'व्हीएमडी' नावाचं वेगळं बटण दिसू लागलं. तुमच्या लॅपटॉपमध्ये साटा डिस्क नसून च्युइंगगमच्या पट्टीसारखी एनव्हीएमई एसएसडी असली, तरी हे बटण तिला लागू पडतं. आरएसटी चालू असेल तर एसएसडी इंटेलच्या पडद्याआड जाते. तिथे 'एएचसीआय' निवडायचं किंवा व्हीएमडी बंद करायचं म्हणजे तो पडदा काढायचा. बाकी एनव्हीएमईची भाषा एएचसीआय नव्हेच, नाव तेवढं मेन्यूत चिकटून राहिलंय.

बदलायची गरज कुणाला आहे

सगळ्यांना नाही. लॅपटॉप आरएसटीवर सुरळीत चालतोय, त्यावर विंडोज सोडून दुसरं काही टाकायचं नाही, तर चालत्या गाडीला खीळ घालू नका. वेगात डोळ्यांना दिसेल असा फरक पडणार नाही. हिंजवडीच्या कंपनीने दिलेला लॅपटॉप असेल तर हा लेख इथेच मिटा. त्याचा बायोस बहुधा पासवर्डने बंद असेल, आणि नसला तरी तो तुमचा नाही.

गरज पडते ती साधारण तीन वेळा. जुन्या डेस्कटॉपला नवी एसएसडी लावली आणि मोड अजून आयडीईच आहे. किंवा लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली, टाकायचंय आणि इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही. किंवा, काकांसारखं, मोड आपोआप बदललाय आणि तो परत न्यायचाय. बॅटरी संपणं हे एक कारण. बायोस अपडेट केला किंवा कुणी 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' दाबलं तरी हेच होतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, तेव्हापासून दुसरा प्रकार, लिनक्सचा, माझ्याकडे जास्त येतो. माझा भाचा लातूरहून इंजिनिअरिंगला आलाय, कर्वेनगरला खोली घेऊन राहतो. त्याचा रात्री साडेअकराला फोन : "मामा, उबुंटू लिनक्स टाकायला घेतलंय, पण ते म्हणतंय आरएसटी बंद करा. बंद केलं तर आता विंडोजच चालू होईना!" बंद करायला हरकत नव्हतीच. त्याने फक्त क्रम उलटा केला होता. म्हटलं, आहे तसं परत चालू कर, झोप, आणि सकाळी ये.

आधी विंडोजला सांगा, मग बायोसला

क्रम का महत्त्वाचा? विंडोज टाकताना ते बघून ठेवतं की डिस्कशी बोलायला कुठला ड्रायव्हर, म्हणजे बोलणं जुळवणारा छोटा प्रोग्रॅम, लागतोय. तेवढा एक सुरुवातीला हाताशी ठेवतं, बाकीचे माळ्यावर टाकतं. तुम्ही अचानक मोड बदलला की लागणारा ड्रायव्हर असतो माळ्यावर, म्हणजे त्याच डिस्कवर, जिच्यापर्यंत पोचायलाच तो हवाय. किल्ली आत राहिली आणि लॅच लागलं, तसं. निळा पडदा म्हणजे दारात उभं राहून मारलेली हाक.

सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी मोजक्या गोष्टींवर चालू होताना, मात्र विंडोज माळ्यावरचे मूळ ड्रायव्हरही खाली काढून बघतं. त्यामुळे युक्ती सोपी आहे : मोड बदलल्यानंतरची पहिली सुरुवात सेफ मोडमध्ये करायची. विंडोज ८, १० आणि ११ ला ही चालते.

सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी. पहिली, महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर. मोड बदलल्याने काही जात नाही हे मीच वर म्हटलं, पण घाबरलेला माणूस चुकीचं बटण दाबतो, आणि प्रत त्याच्यासाठी असते. पुण्यात असाल तर हे काम गुरुवारी काढू नका. दुपारी देखभालीसाठी वीज गेली की अर्धवट कॉपी झालेलं फोल्डर घेऊन बसाल.

दुसरी गोष्ट जास्त चावरी आहे : बिटलॉकर. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क तुमच्या नकळत कुलूपबंद झालेली असू शकते, होम आवृत्तीतसुद्धा. तिथे तिचं नाव 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' इथे पाहा. चालू असेल तर बायोसमध्ये हात घातल्यावर पुढच्या वेळी ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं, ६ अंकांचे ८ गट. ही की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, तुमच्या उपकरणांच्या यादीत सापडते. आधीच शोधा आणि कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये सेव्ह करणारा एक महाभाग मला भेटलाय. कंट्रोल पॅनलमध्ये 'सस्पेंड प्रोटेक्शन' दिसत असेल तर तेही करून ठेवा.

आता प्रत्यक्ष काम.

१. विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'आयडीई एटीए' कंट्रोलर आणि 'स्टोरेज कंट्रोलर्स' हे दोन गट उघडून बघा. 'स्टँडर्ड साटा एएचसीआय कंट्रोलर' असं नाव दिसलं तर तुम्ही आधीच मुक्कामी आहात, लॅपटॉप मिटा. नावात 'आयडीई', 'आरएसटी', 'रेड' किंवा 'व्हीएमडी' असेल तर पुढे चला. जे दिसतंय त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

२. विंडोजची कळ आणि आर दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात एम, एस, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही आठ अक्षरं सलग, मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर. 'बूट' नावाच्या टॅबवर जा, 'सेफ बूट'वर टिक करा, खाली 'मिनिमल' राहू द्या. ओके, रीस्टार्ट.

३. पडदा काळा झाला की बायोसची कळ टपटप दाबत राहा. डेलला एफ-टू, एचपीला एफ-टेन, असूसच्या लॅपटॉपला एफ-टू, जोडून घेतलेल्या डेस्कटॉपला बहुतेक वेळा डिलीट. चुकलं तर मशीन जुन्याच मोडने सेफ मोडमध्ये उघडेल. बिघडलं काही नाही, तिथून पुन्हा रीस्टार्ट करा. 'शट डाउन' करून चालू करण्यापेक्षा नेहमी 'रीस्टार्ट'च वापरा. फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन हे बऱ्याचदा पुरतं बंद होणं नसतं.

४. बायोसमध्ये आधी प्रत्येक पानाचा फोटो. मग मोड शोधायचा. याला जरा वेळ लागतो, कारण प्रत्येकाने तो वेगळ्या कपाटात ठेवलाय. डेलमध्ये 'साटा ऑपरेशन' किंवा 'स्टोरेज' म्हणून मिळेल. असूसमध्ये 'अॅडव्हान्स्ड'च्या पोटात 'साटा कॉन्फिगरेशन' किंवा 'व्हीएमडी सेटअप मेन्यू'. एएमडीच्या जुन्या बोर्डांवर 'ऑनचिप साटा टाइप' हे नाव असतं. एसरने तर कमाल केलीय. त्यांच्या कित्येक लॅपटॉपमध्ये 'मेन' पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्याशिवाय व्हीएमडीची ओळ दिसतच नाही. भाच्याचा लॅपटॉप नेमका तोच. रात्रभर शोधून शेवटी त्याला ही खोड मित्राकडून कळली होती.

५. तिथे एएचसीआय निवडा, किंवा व्हीएमडी 'डिसेबल्ड' करा. 'सगळा डेटा जाऊ शकतो' अशी पाटी येईल. एकच डिस्क, रेडची मोट नाही, याची खात्री असेल तर हो म्हणा. शेजारी 'बूट मोड', 'लेगसी', 'यूईएफआय', 'सिक्युअर बूट' अशी नावं खुणावतील. त्यांचा आपल्या कामाशी संबंध नाही, हात लावू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर बिघाड कुणामुळे झाला ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. एफ-टेन, सेव्ह.

६. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल, चारही कोपऱ्यांत तशी अक्षरं, चिन्हं मोठी आणि ओबडधोबड. इथे पिन चालेलच असं नाही, म्हणून खात्याचा खरा पासवर्ड माहीत असू द्या. चार अंकी पिनवर वर्षभर जगलेल्या माणसाला तो आठवत नाही, हे अनुभवाचे बोल. मिनिटभर थांबा, डिव्हाइस मॅनेजर पुन्हा पाहा, नाव बदललेलं दिसेल.

७. पुन्हा ती आठ अक्षरं, 'बूट' टॅब, 'सेफ बूट'वरची टिक काढा, रीस्टार्ट. ही पायरी विसरलात तर मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच उघडत राहील, आणि वायफाय का नाही म्हणून तुम्ही राउटरला शिव्या घालाल.

बिटलॉकर सस्पेंड केलं असेल तर आता ते परत चालू करा.

विंडोज ७ वर ही युक्ती चालत नाही. तिथे रजिस्ट्रीत जाऊन एएचसीआयच्या ड्रायव्हरचं 'स्टार्ट' मूल्य शून्य करावं लागतं. पण त्या विंडोजचा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपलाय. २०१० मध्ये मी स्वतः विंडोज ७ वर मोड बदलला, निळा पडदा बघून हबकलो आणि थेट फॉरमॅट मारला. दोन वर्षांचे फोटो गेले. बटण परत फिरवायचं असतं हे तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. त्याही आधी, एक्सपीच्या काळात, इन्स्टॉल करताना एफ-सिक्स दाबून ड्रायव्हरची फ्लॉपी घालावी लागायची. ज्याच्या मशीनला फ्लॉपी ड्राइव्हच नाही त्याने काय करायचं, याचं उत्तर तापकीर गल्लीत ड्राइव्ह शोधत फिरणं हेच होतं.

जिथे थांबायचं

मशीनमध्ये खरोखरच दोन डिस्कांची रेड बांधलेली असेल तर मोड बदलू नका. तिथे एकच फाइल दोन डिस्कांवर तुकड्या-तुकड्यांनी पसरलेली असू शकते. पडदा काढला की विंडोजला दोन अर्धवट डिस्क दिसतात, आणि अशात एखाद्याने 'इनिशियलाइज' दाबलं की खेळ संपतो. दुकानात, दवाखान्यात, सीएच्या ऑफिसात असे डेस्कटॉप असतात. ते ज्याने बांधले त्यालाच बोलवा.

तसंच, साध्या हार्ड डिस्कच्या जोडीला, तिचा वेग वाढवायला, इंटेलची १६ जीबीची ऑप्टेन मेमरी असलेले लॅपटॉप. तिथे आधी इंटेलच्या प्रोग्रॅममधून ऑप्टेन बंद करायची, ते पूर्ण होऊ द्यायचं, मगच मोडला हात लावायचा. घाई केली तर डिस्कवरचा काही भाग ऑप्टेनमध्येच अडकून राहतो.

आणि विंडोज कोरंच टाकणार असाल तर सेफ मोडचा सगळा खटाटोप लागतच नाही. इन्स्टॉल करताना डिस्कांची यादी रिकामी दिसली की एक तर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा, नाहीतर इंटेलचा ड्रायव्हर आधीच उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवा. भाच्याच्या वर्गातल्या एकाने यादी रिकामी बघून एसएसडी मेली असं समजून नवी मागवली होती. नवीही दिसेना, तेव्हा फोन आला.

काकांची बॅटरी

आता त्या बॅटरीचं. मोड परत लावला म्हणून काम संपलं असं नाही. वीज गेली की बायोस पुन्हा सगळं विसरणार. बॅटरीचं नाव सीआर २०३२, आणि नावातच माप आहे : २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्टची. दुकानदार कधी २०२५ देतो, ती दिसायला तशीच पण पातळ. खाचेत हलते आणि महिन्याभराने पुन्हा तेच रामायण.

पिन भिंतीतून काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची. बॅटरीच्या कडेला एक बारीक धातूची पट्टी असते, ती नखाने बाहेर ढकलली की बॅटरी टुणकन वर येते. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, घसरला तर बोर्डावर ओरखडा. काकांची जुनी बॅटरी मल्टिमीटरवर धरली तर दोन व्होल्टच्या जेमतेम वर होती. नवी घालताना अधिक खुणेची बाजू वर. चालू केल्यावर बायोसमध्ये तारीख आणि वेळ लावायची, मोड पुन्हा एकदा बघायचा, सेव्ह करायचं.

शेवटचं काम मी काकांकडूनच करून घेतलं. गॅसचा सिलिंडर लावला की त्यांच्याकडे कॅलेंडरवर तारीख लिहायची सवय आहे. म्हटलं, तसंच इथेही लिहा. त्यांनी वहीच्या कागदाची पट्टी फाडली, सुवाच्य अक्षरात 'साटा मोड – एएचसीआय' लिहिलं, खाली बॅटरी बदलल्याची तारीख, आणि कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटटेपने लावली. मग जरा थांबून त्याखाली ठळक अक्षरात आणखी एक ओळ घातली : 'फॉरमॅट मारू नये.'